पश्चिमेची काच

बारा दिवस बहिणीकडे राहून परत आलेल्या बाईंनी पिशवी दाराशी टेकवली, सवयीनं खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या, आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. दुपारचे चार वाजले होते. या वेळी पश्चिमेच्या त्या मोठ्या, न उघडणाऱ्या काचेतून ऊन थेट आत यायचं आणि समोरच्या भिंतीवर, यजमानांच्या फोटोखाली, पिवळंधमक पसरायचं. इतकी वर्षं ते बरोबर तिथंच पडत आलं होतं. आजही ते तिथंच होतं, पण कोणी त्यात पाणी घातल्यासारखं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आकाशात ढगाचं नाव नव्हतं. टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून पाहिलं तर वरचा मथळा दिसला, त्याखालचा दिसला, आणि त्याखाली नुसत्या मुंग्यांच्या रांगा. दारात खालच्या मजल्यावरचा, त्यांचा जुना विद्यार्थी पेन्सिल किल्ली परत द्यायला उभा होता. त्या नसताना झाडांना पाणी घालायचं काम त्यानं घेतलं होतं. बाईंच्या ओठांवर वाक्य आलं, ‘आज इतका अंधार का रे?’ त्यांनी ते गिळलं. 

हे वाक्य त्यांचं नव्हतंच. ते त्यांच्या आईचं होतं. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि भावंडांबरोबर जमिनीवर बसून वह्यांना कव्हरं घालत होत्या. भरदुपार होती, दारं-खिडक्या सताड उघड्या. शिवण घेऊन बसलेली आई सुईत दोरा ओवता ओवता सहज म्हणाली होती, “अगं, दिवा लावा ना कोणीतरी. किती अंधारून आलंय.” भावंडं खो-खो हसली होती. त्यांना वाटलं, आई गंमत करतेय. आईसुद्धा हसली, पण एका क्षणाच्या अंतरानं. त्या एका क्षणात आईच्या चेहऱ्यावरून जे सरकून गेलं ते फक्त बाईंना दिसलं होतं. पुढची चार वर्षं आईनं झाकली मूठ झाकलेलीच ठेवली. ती पावलं मोजायची, भांड्यांच्या जागा हलू द्यायची नाही, आणि कोणी पत्र आणलं की म्हणायची, “तूच वाच, तुझं वाचन सुधारेल.” सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे फक्त आईला माहीत नव्हतं. बाईंना त्या चार वर्षांतलं हेच सगळ्यात जास्त झोंबत आलं होतं.

“काय झालं बाई? दमलात का?” पेन्सिलनं विचारलं. तो आता पन्नाशीचा होता, पोट सुटलेला, इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी. पण पाचवीत तो काडीसारखा होता आणि रोज कोणाची तरी पेन्सिल मागायचा, म्हणून बाईंनीच ठेवलेलं हे नाव त्याला चिकटलं होतं. आता त्याची बायकोही त्याला तेच म्हणायची.

“प्रवासानं अंग आंबलंय जरा. झाडांना पाणी घातलंस ना? का त्यांनाही उद्या-परवावर ठेवलंस, गृहपाठासारखं?”

“घातलं हो. मोजून. आणि ते तुमच्या बाजूचं कामही झालं बरं का. माणसं दोन तासांत मोकळी. ठीक झालंय ना?”

“हो, बघितलं. छान झालंय,” बाई म्हणाल्या.

कसलं काम, ते त्यांना ठाऊक नव्हतं. महिन्यापूर्वी पेन्सिलनं एक कागद आणला होता आणि तो म्हणाला होता, “खिडक्यांचं काम आहे, पण वाचून सही करा बाई. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत.” बाईंनी कागद हातात धरला. एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ डोळे वरून खाली नेले, मध्ये दोनदा मान हलवली, आणि सही केली. वर, अजिबात संशय नको म्हणून, कागद परत देताना म्हणाल्या होत्या, “ऱ्हस्व-दीर्घ बघून घे जरा. सेक्रेटरी झालास तरी तेच.” चूक कुठे ना कुठे असणारच, एवढा त्यांना पेन्सिलवर विश्वास होता. तो ओशाळून हसला होता. “तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.” जिन्यात तेव्हा सगळे बाहेरच्या रंगाबद्दल बोलत होते, म्हणून बाई धरून चालल्या होत्या की खिडक्यांच्या चौकटी रंगवणार असतील. आत्ताही त्यांनी तेच धरलं. भीतीला एकदा एक कारण सापडलं की ती दुसरं शोधायला जात नाही.

कारण तर सहा महिन्यांपासून घरातच होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजेडाचा ठिपका इकडेतिकडे फिरवून झाल्यावर सांगितलं होतं, “काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. कडेकडेनं जाते, म्हणून पटकन कळत नाही; पुढे बारीक अक्षरंही पुसट होतात. थेंब चुकवू नका.” बाईंनी एक दिवसही थेंब चुकवले नव्हते. मुलाला मात्र फोनवर एवढंच सांगितलं होतं की, थोडा दाब आहे, औषध दिलंय.  तो लगेच म्हणाला, “आई, डोळ्यांचं काही कमी-जास्त झालं, तर तू माझ्याकडे यायचं. तेव्हा हट्ट नाही हं करायचा. शब्द दे.” आणि बाईंनी शब्द दिला होता. शब्द दिला की पाळायचा, हेही त्यांनीच त्याला शिकवलेलं. मुलाचं घर चांगलं होतं, तोही चांगला होता. पण त्या घरात स्वच्छतागृह कुठल्या दिशेला आहे हे त्यांना दर वेळी विचारावं लागायचं, आणि दिव्याचं बटण चाचपताना हात भिंतीवर भलतीकडेच जायचा. महिनाअखेरीच्या शनिवारी तो येणार होता. त्याला आजपासून चार आठवडे.

ते चार आठवडे बाईंनी डोळ्यांत तेल घालून काढायचे ठरवले. सकाळी स्वयंपाकघरात त्यांना पूर्वीसारखंच दिसायचं. पण ती खिडकी पूर्वेची, आणि डॉक्टर म्हणाले होते की आधी संध्याकाळची नजर जाते. बाहेर रस्त्यावरही ठीक दिसायचं. पण बाहेर उजेड इतका असतो की तिथे कुठलंही सोंग खपून जातं. मग चार वाजायचे आणि बाई त्या खुर्चीत जाऊन बसायच्या. फोटोखालचं ऊन रोज तसंच, पाणी घातलेलं. एरवी या वेळी खुर्चीचा हात चटका बसेल इतका तापायचा. आता तो गार असायचा. ते त्यांच्या हाताला कळत होतं, पण मनापर्यंत पोचत नव्हतं. ऋतू बदलत असेल, त्या म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. “काय करतेयस?” “वाचतेय,” बाई म्हणाल्या, आणि मांडीवरचं वर्तमानपत्र, तो काही बघत नसतानाही, सरळ केलं.

त्या रविवारी सकाळी झाडांच्या कुंड्या फिरवायला म्हणून त्या वाकल्या. हा यजमानांचा नेम. दर रविवारी प्रत्येक कुंडी पाव फेरा फिरवायची, म्हणजे झाड उजेडाकडे झुकून वाकडं होत नाही. खिडकीपाशी क्रोटन होतं, लाल-पिवळ्या ठिपक्यांचं, यजमानांनीच कुठूनसं रुमालात बांधून आणलेली फांदी लावून वाढवलेलं. शेजारी मनीप्लांट, कोरफड, आणि मागे सावलीत नेचा. क्रोटनच्या कुंडीला हात लावला आणि बाई तशाच थांबल्या. त्यांना बुटांचा खोका आठवला. बत्तीस वर्षं, दर वर्षी, पाचवीच्या वर्गात त्यांनी तो प्रयोग केला होता. खोक्याला एका बाजूला भोक पाडायचं, आत वालाच्या दाण्याचं रोप ठेवायचं, झाकण लावायचं आणि आठवडाभर वाट पाहायची. उघडलं की ते रोप पांढरटलेलं, लांबुडकं, भोकाकडे मान ताणून उभं असायचं. मुलं हळहळायची. एकदा पेन्सिलनंच विचारलं होतं, “बाई, त्याला डोळे नाहीत, मग त्याला भोक कसं दिसलं?” आणि बाई म्हणाल्या होत्या, “त्याला दिसत नाही रे, त्याला भूक लागते. उजेड हे त्याचं जेवण. आपला डोळा भला असतो, उजेड कमी झाला की तो बाहुली मोठी करतो आणि आपल्याला सांगतो, सगळं ठीक आहे. झाडाला असं स्वतःला फसवता येत नाही.”

कुंडी तशीच ठेवून बाई उठल्या.  झाडाला काचबिंदू होत नाही. खोलीतला उजेड खरोखर कमी झाला असेल, तर झाडं सांगतील. आणि नसेल, तर तेही सांगतील.

तुलनेला दुसरं रोप लागतं, नाहीतर तो प्रयोग नव्हे. ते घरात होतंच. याच मनीप्लांटची फांदी कधीतरी तोडून त्यांनी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत लावली होती. एकाच आईची दोन लेकरं. रंगावर भरवसा ठेवायचा नाही, कारण रंग बघायला डोळे लागतात. बोटांनी मोजायचं. त्यांनी दोन्ही वेलींच्या शेवटच्या पानाच्या देठाला दोऱ्याची गाठ बांधली, म्हणजे नवी वाढ कुठून सुरू झाली ते हाताला लागेल. मग जुन्या वाढीतलं पानापानातलं अंतर बोटं आडवी धरून मोजलं. इथेही तीन बोटं, तिथेही तीन बोटं. उजेड कमी पडला की वेल पानं काढण्याआधी पळत सुटते, अंतर वाढतं. हे त्यांनी फळ्यावर किती वेळा काढलं होतं. आता पळायची ती वेल, आणि धाप लागायची त्यांना.

पहिला आठवडा काहीच घडलं नाही. घडणारही नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. मुलांना त्या नेहमी म्हणायच्या, प्रयोगातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे हात न लावणं. आता त्यांचाच हात दिवसातून दहा वेळा गाठीपाशी जायचा. दुसऱ्या आठवड्यात गाठीपुढे टोक आलं, सुरळी केलेल्या कागदासारखं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण एका वेलीकडे काय मागतोय. उपाशी राहा, म्हणतोय. यजमानांची झाडं इथे भुकेनं लांबत जावीत आणि त्यावरून आपण सुटावं, अशी इच्छा आपण रोज चार वाजता खुर्चीत बसून करतोय. त्यांना स्वतःचा राग आला. त्या दिवशी त्यांनी क्रोटनच्या पानांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली, एकेक पान तळहातावर घेऊन, आणि खालची दोन पानं नुसत्या स्पर्शानं गळून हातात आली. हे लक्षण म्हणायचं की म्हातारपण? क्रोटनही सतरा वर्षांचं होतं. नेचा मात्र मागे खुशीत होता, जावई आल्यासारखा ऐसपैस पसरला होता. बाई त्याच्याकडे रोखून पाहत राहिल्या. सावलीत खूश असणाऱ्यानं काय सिद्ध होतं? काहीतरी होत होतं. पण ते नीट मांडायला गेलं की आईचा चेहरा मध्ये यायचा, दोरा ओवताना एका क्षणानं उशिरा हसलेला.

तिसऱ्या रविवारी त्यांनी मोजलं. आधी स्वयंपाकघरात. गाठीपुढे दोन नवी पानं, मध्ये तीन बोटं. मग बाहेर आल्या, खुर्ची सरकवली, आणि घाई होऊ नये म्हणून मनातल्या मनात वीसपर्यंत अंक म्हटले. गाठ सापडली. तिथून बोटं आडवी ठेवली. एक, दोन, तीन, चार, पाच. पुढचं पान पाचव्या बोटापलीकडे होतं, आणि हाताला इवलंसं लागलं. त्यांनी डावा हात लावून पुन्हा मोजलं. पाच. त्या तशाच जमिनीवर बसल्या आणि हसल्या, आवाज न करता, खांदे हलवत, परीक्षेत पास झालेल्या पोरीसारख्या. घराला कमी दिसत होतं. आपल्याला नाही.

मग त्यांचा हात आपोआप काचेकडे गेला. इतके दिवस त्या काचेतून पाहत होत्या, काचेला हात लावला नव्हता. गुळगुळीत, आणि नेहमीपेक्षा किंचित बोथट. नख चौकटीच्या कडेला नेलं तेव्हा ते अडकलं. काचेवर काहीतरी चिकटवलं होतं, पातळ, साबणाच्या पापुद्र्यासारखं, आणि चौकटीपाशी त्याची कड संपत होती. तिथे दोऱ्याएवढी फट उघडी राहिली होती. बाईंनी गाल चौकटीला टेकवून एक डोळा त्या फटीला लावला. पलीकडे जुना दिवस होता. तोच, डोळे दिपवणारा, कुठेही गेलेला नव्हता.

त्या तरातरा खाली गेल्या. पेन्सिल जिन्यातच पायरीवर बसून चपलेचा पट्टा दुरुस्त करत होता.

“काचेवर काय चिकटवलंयस माझ्या?”

“फिल्म नाही का, उन्हाची. पश्चिमेच्या सगळ्या खिडक्यांना. उकाडा निम्म्यानं कमी होतो.” तो त्यांच्याकडे बघत राहिला. “बाई, तुम्ही तर सही केलीत.”

“उजेडही निम्म्यानं कमी होतो, ते नाही का सांगायचं? काय उजेड पाडलास. माझी झाडं उपाशी मरतायत.”

“सांगितलं होतं की. तिसराच मुद्दा. ज्यांच्याकडे झाडं आहेत त्यांनी खाली तसं लिहावं, एक काच मोकळी ठेवू. तुमच्यासाठीच घातला होता तो मुद्दा, माझ्या डोक्यात तुमचं क्रोटन होतं. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मी बायकोला म्हटलंसुद्धा, बाई काय विचार करून ठेवतील, त्यांना माहीत. थांबा.” तो आत जाऊन कागद घेऊन आला. “हे बघा. तुम्ही शुद्धलेखनसुद्धा तपासलं होतंत, आठवतं? आणि खरं सांगू, आमच्याकडे तर कोणाला फरकही कळला नाही. ही विचारते, लावलीय ना नक्की?”

जिन्याची खिडकी मोठी होती, तिला काचच नव्हती, आणि सकाळचं लख्ख ऊन कागदावर पडलं होतं. बाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला. वरचा मथळा दिसला. खाली आपली सही दिसली, कारण ती कुठे असते हे माहीत होतं. मधे मुंग्या होत्या. सगळा उजेड होता आणि मुंग्या होत्या. आमच्याकडे कोणाला फरकही कळला नाही. ज्यांचे डोळे धड होते, त्यांच्या डोळ्यांनी बाहुली मोठी केली आणि सांगितलं, सगळं ठीक आहे. फरक कळला तो एका वेलीला, आणि आपल्याला.

“तिसरा मुद्दा. हो,” त्या म्हणाल्या. “कागद राहू दे माझ्याकडे.”

 त्या वर जायला वळल्या तेव्हा पेन्सिल पुढे झाला, आणि पुढच्या पायरीवर ठेवलेली त्याची दुसरी चप्पल त्यानं पायानं हळूच बाजूला केली. बाईंनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, याला माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे. कदाचित त्या सहीच्या दिवसापासून.

शनिवारी मुलगा आला. बाईंनी क्रोटन फिरवलं नव्हतं. ते खिडकीकडे मान करून वाकडं उभं होतं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. त्यानं त्यांच्याकडे दोन-तीनदा निरखून पाहिलं ते त्यांना कळलं, म्हणून त्या उगाच पटापट हालचाली करत राहिल्या. चार वाजले. टेबलावर तो कागद पडला होता. मुलानं तो सहज उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मान वर करून खोलीभर पाहिलं.

“आई, इतका अंधार का गं इथे? दिवा लावू?”

बाईंनी हातातला कप बशीत ठेवला. ते वाक्य. त्याच्या तोंडातून, इतकं साधं, दुसऱ्या कोणाचं नसल्यासारखं. त्यांना इतकं हलकं वाटलं की हसू फुटेल अशी भीती वाटली. आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, अरे ती फिल्म, पेन्सिलचा उद्योग, झाडांची बघ काय दशा झालीय. उद्या फिल्म निघाली असती, ऊन फोटोखाली आलं असतं, आणि मुलगा निर्धास्त परत गेला असता. त्याला काही कळलं नसतं. किंवा कळलं असतं, आणि मग त्याला कळलंय हे फक्त आपल्याला कळलं नसतं, वर्षानुवर्षं. तो पत्रं आणून ठेवेल आणि आपण म्हणू, तूच वाच. तो वाचेल, आणि आपल्याकडे बघणार नाही. पेन्सिलनं पायानं सरकवलेली ती चप्पल त्यांना दिसली.

“लाव,” त्या म्हणाल्या. “खरंच अंधार आहे, काचेवर फिल्म लावलीय. ती काढता येईल. पण तू दिवा लाव आणि तो कागद मोठ्यानं वाच. कारण मी न वाचता सही केलीय.”

“तू? न वाचता?”

“वाचता आलं नाही म्हणून. तेव्हा काचेवर काही नव्हतं. भरपूर उजेड होता.”

त्यानं दिवा लावला. कागद मात्र वाचला नाही. तो बटणापाशीच उभा राहिला, हात अजून भिंतीवर. बाईंना माहीत होतं की आता तो शब्द येईल, जो त्यांनी दिला होता, आणि त्यातलं एक अक्षरही त्यांना मागे घ्यायचं नव्हतं. फक्त त्याआधी एक गोष्ट त्याला नीट समजावी असं त्यांना वाटलं, जशी ती समजावी तशी, सावकाश. त्या उठल्या, टेबलाचा कोपरा चुकवून, क्रोटनची कुंडी चुकवून, कशालाही हात न लावता खिडकीशी गेल्या, आणि फळ्यावर काढावं तसं बोटानं काचेवर एक वर्तुळ काढलं. बशीएवढं.

“मला एवढं दिसतं,” त्या म्हणाल्या.

तो जवळ आला. त्या नसलेल्या वर्तुळाकडे पाहत राहिला. “आणि बाकीचं?” त्यानं विचारलं.

“बाकीचं घर मला पाठ आहे,” बाई म्हणाल्या.